रंग उतरवणारी सालोमी सिस्टर

मी रंभाबाई. सुरतेत, उधन्याला एका ट्रस्टच्या दवाखान्यात पुरुषांच्या वॉर्डात आया होते. आधीच सांगून ठेवते, मी चर्चला जात नाही. मी शिंदखेड्याकडची, श्रावणात माझ्या घरी कानबाई बसते, आणि तिच्या रोटांना माझी अख्खी चाळ जेवते. तेव्हा रंभाबाई आपल्या धर्माच्या बाईची बाजू घेते, असं कुणी म्हणू नये. बाजू घेते, ते खरं. पण ती तिच्या धर्मामुळं नाही. तिच्या हट्टामुळं.

सालोमी गावित तिचं नाव. नवापूरजवळच्या एका पाड्यावरची मावची आदिवासी बाई. बाप तिथल्या छोट्याशा चर्चचा सेवक. नर्सिंग शिकली मिशनच्या दवाखान्यात, आणि सुरतेला आली ती एक पत्र्याची पेटी आणि नागलीच्या पिठाची पिशवी घेऊन. उंचीनं माझ्या खांद्याला लागेल एवढीच, पण आवाज असा की तिसऱ्या खाटेवरच्यानं बिडी काढली की दारातून ओरडायची आणि पाचव्या खाटेवरचाही आपली लपवायचा. लग्न केलं नाही. मी एकदा खोदून खोदून विचारलं, तर म्हणाली, "जे मला आवडले ते आले नाहीत, आणि जे आले ते मला आवडले नाहीत. झालं समाधान? आता बेडपॅन उचला."

राहायला दवाखान्याच्या आवारातलीच एक खोली, ट्रस्टनं दिलेली. म्हणजे नोकरी गेली की छप्परही गेलं. हे ध्यानात ठेवा, कारण पुढं सगळं त्याच्यावरच आलं.

तिची एक सवय होती. सुई टोचायची असो की पट्टी सोडायची असो, पेशंटला हात लावायच्या आधी ती एक क्षण डोळे मिटायची. ओठ हलायचे, आवाज नाही. नवीन पेशंट विचारायचे, "सिस्टर, झोप येते का?" ती म्हणायची, "येणारच. रात्री तुम्ही झोपू देता का मला?" मीही एकदा विचारलं, की हे काय चालतं गं तुझं? तेव्हा मात्र नीट सांगितलं. म्हणाली, "रंभाबाई, हात माझे आहेत, पण माणूस माझा नाही. ज्याचा आहे त्याला विचारून हात लावते."

एवढंच. त्याच्यापुढं एक शब्द नाही. कुणाच्या उशाशी बसून येशूचं नाव सांगणं नाही, पुस्तक देणं नाही. मला तर इतक्या वर्षांत एकदासुद्धा चर्चला चल म्हणाली नाही. मला त्याचा रागच आला होता. म्हटलं, का गं, मी काय तुझ्या देवाला चालत नाही? तर खदाखदा हसली. "नाताळचा केक खाताना चालता की! आणखी कुठं चालायचंय तुम्हाला?"

तिच्या टेबलाच्या खणात कात्री, पट्ट्या, थर्मामीटर, आणि मागच्या कोपऱ्यात कुंकवाची डबी, अत्तराची कुपी, गंगाजळाची सीलबंद लोटी. कुणी बौद्ध पेशंट शेवटाला आला की पांडेसऱ्याच्या विहारातल्या एका म्हाताऱ्या उपासकाला बोलावून घ्यायची, तो येऊन त्रिशरण म्हणायचा. "मरणाऱ्याला त्याचं द्यायचं," म्हणायची. "माझं माझ्याजवळ असतंच."

आता खरी गोष्ट सांगते. आमच्या दवाखान्यात माणूस गेला की काय व्हायचं? चादरीत गुंडाळायचं, वर एक गाठ, खाली एक गाठ, पायाच्या अंगठ्याला चिठ्ठी. आमचा वॉर्डबॉय दत्तू हे काम भाजीची जुडी बांधावी तसं करायचा. त्याचा काही दोष नाही, त्याला तसंच शिकवलेलं. सालोमीच्या ड्युटीत कुणी गेलं, तर मात्र दत्तूला ती पडद्याच्या आत येऊ द्यायची नाही. मला हाक मारायची. मी कोमट पाणी आणायचं. मग ती त्या माणसाला धुवायची, डोक्यापासून पायापर्यंत, आणि धुताना त्याच्याशी बोलायची. होय, मेलेल्याशी! "काका, आता कूस बदलते हं. पाणी गार नाही ना? हा डावा पाय घेतला." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या हातातून तांब्या पडला होता. मायबाई, म्हटलं, ही बाई कामातून गेली.

ती म्हणाली, "मघाशी जिवंत होता तेव्हा सांगून हात लावत होते. आता काय झालं? लाज गेली का त्याची?"

मी तांब्या उचलला.

आमच्याकडे येणारे निम्मे लोक पांडेसऱ्याच्या रंगाच्या मिलांमधले. साड्यांचं कापड रंगवणारे. ज्यांनी तो रंग पाहिला नाही त्यांना सांगून कळायचं नाही. तो कपड्याला लागतो तसा माणसालाही लागतो. नखांच्या कडेला, तळव्यांच्या रेषांत, टाचांच्या भेगांत जाऊन बसतो. हात धुतला तरी लाल, भाकरी खाल्ली तरी लाल. मिलमध्ये हात साफ करायला पांढरी पावडर असते, पण ती रंगाबरोबर कातडंही खाते. सालोमीनं आपलं औषध काढलं होतं. खोबरेल तेल चोळायचं, मुरू द्यायचं, मग बेसन आणि लिंबू, मग पुन्हा तेल. एकेका बोटाला वेळ लागायचा. पळसफुलांसारखे लाल झालेले हात तिच्याकडून गव्हाळ होऊन निघायचे. त्या माणसांना जीपमधून खानदेशात, मराठवाड्यात घरी न्यायचं असायचं. घरचे तोंड बघायला चादर उघडणार. "बायकोला नवरा दिसला पाहिजे, मिल दिसायला नको," असं ती म्हणायची.

गंगाराम सोनवणे त्यातलाच. साक्री तालुक्यातला. छातीचा आजार होता. वर्षभरात तीनदा-चारदा आला असेल. बरं वाटलं की डॉक्टर बजावायचे, "रंगाच्या खोलीत जाऊ नको," आणि हा मान हलवून सरळ रंगाच्या खोलीत जायचा. दुसरं काम कोण देतंय? त्याचा पुतण्या हिलाल त्याच मिलमध्ये होता. ऐन तिशीतला, तोंडाळ, मोरपंखी रंगाच्या खात्यात. त्याचे दोन्ही हात मनगटापर्यंत मोरासारखे.

एकदा असाच बरा होत आला होता गंगाराम. सालोमी त्याचं सलाईन काढत होती. तो एकदम म्हणाला, "सिस्टर, गावाला पंगतीत मला वाढायला उभं करत नाहीत. म्हणतात, तुझा हात पाहून घास उतरत नाही." सालोमीनं सुईच्या जागी बोळा दाबला. तो म्हणाला, "ते जाऊ द्या. पण मी कमलच्याही हातात हात देत नाही. बायको आहे माझी. तिनं एकदा हात धरला तर मीच ओढून घेतला. मला लाज वाटते." मग म्हणाला, "सिस्टर, माझं व्हायचं ते होईल. पण मला असा रंगीत घरी पाठवू नका."

सालोमी म्हणाली, "मरायची घाई करू नका, मला खूप कामं आहेत." आणि मग म्हणाली, "पण शब्द देते."

शेवटच्या वेळी आला तो सरळ पाळीवरूनच. श्वास पुरत नव्हता. हात लाल, आणि कपाळावरही भुवयांच्या वर लाल पट्टा, कारण घाम पुसला होता त्याच हातानं. नाकाला ऑक्सिजन, हातांना सुया, धुणार कधी? दोन दिवस काढले त्यानं. माघातली दुपार होती, जेवणाच्या गाड्या चालल्या होत्या, तेव्हा तो गेला. हिलाल जीप ठरवायला बाहेर गेलेला.

सालोमीनं पडदा ओढला. डोळे मिटले. मी पाणी आणलं. तिनं उजवा हात घेतला आणि तेल चोळायला लागली. "गंगारामभाऊ, शब्द दिला होता ना? बसा आता निवांत." उजवा हात झाला. मग कपाळ घेतलं. तेलाचा बोळा फिरवला, लाल पट्टा उतरायला लागला, वरून तांब्यानं हळूहळू पाणी सोडलं. आणि नेमका त्याच घटकेला हिलालनं पडदा बाजूला केला.

त्याला काय दिसलं बघा. ख्रिस्ती नर्स, ओठ हलताहेत, काकाच्या कपाळावरचं लाल पुसतेय आणि डोक्यावर पाणी घालतेय. नुकत्याच झालेल्या नाताळात शेजारच्या डांगात ख्रिस्त्यांची प्रार्थनाघरं जाळली होती. पेपर रोज त्यानंच भरलेले, चहाच्या टपरीवर दुसरा विषय नाही. हिलाल बोंबललाच, "टिळा पुसला! काकाला बाटवलं! मेलेल्या माणसालाही सोडत नाहीत हे लोक!"

अख्खा वॉर्ड उठून बसला. आणि सालोमी? तिनं वळूनसुद्धा पाहिलं नाही. म्हणाली, "ओरडायचं असेल तर बाहेर जाऊन ओरड. तुझ्या काकाचा डावा हात राहिलाय." आणि खरंच सांगते, लोक गोळा होत होते, दत्तू मध्ये पडून हिलालला आवरत होता, आणि ही बाई एक एक बोट घेऊन डावा हात पूर्ण करत होती. झाल्यावर दोन्ही हात छातीवर नीट ठेवले, चादर घातली, आणि मग पडदा उघडून म्हणाली, "घेऊन जा आता."

हिलालनं नेलं. पण दुसऱ्या दिवशी त्याच्या ओळखीची माणसं दवाखान्याच्या दारात घोषणा द्यायला आली. नर्सला काढा. तिला काढा नाहीतर दवाखाना बंद करू.

आमचे सेक्रेटरी हितेशभाई. माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. प्लेगच्या वर्षी याच माणसानं रातोरात भावनगर गाठलं होतं आणि सालोमी त्याच्या केबिनची किल्ली पदराला बांधून इथंच बसली होती. पण ते कोण आठवतं? त्यांनी मला बोलावलं. मी सांगितलं की तो टिळा नव्हता, मिलचा रंग होता, मी स्वतः पाणी धरलं होतं. तेल पुसलेला पंचाही नेऊन दाखवला, लालभडक. हितेशभाई म्हणाले, "रंभाबेन, कुंकू पण लालच असतं."

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली! म्हटलं, साहेब, तुमच्या घरी कुंकू तेलानं आणि बेसनानं काढतात का? तर म्हणाले, तू तिची मैत्रीण, तुझं कोण ऐकेल. माणूस तर जळून गेला. पुरावा काही नाही.

मग सालोमीला बोलावलं. मी दाराबाहेर उभी होते आणि मला सगळं ऐकू येत होतं, कारण मी कान लावला होता. हितेशभाई अगदी गोड आवाजात म्हणाले, "बेन, एटलुं ज बोलो ने, प्रार्थना नथी करी." एवढंच सगळ्यांसमोर बोल, की प्रार्थना केली नाही, नुसतं अंग पुसलं. आणि यापुढं मेलेल्याला हात लावायचा नाही, ते दत्तू बघेल. मग तुझी नोकरी राहिली, खोली राहिली, सगळं मिटलं.

सालोमी म्हणाली, "प्रार्थना केली."

"अरे, पण तोंडानं नाही ना केली! मनात केली. मनातलं कोण बघतो?"

"ज्याच्याशी बोलत होते तो बघतो."

झालं! तिला घरी बसायला सांगितलं. गंगारामचे दिवस झाले, महिना सरला की त्याच्या घरचे येतील, त्यांच्यासमोर शेवटचं विचारू, तोवर विचार कर, म्हणाले.

मी संध्याकाळी तिच्या खोलीवर गेले. ही बया खाली बसून नागलीची भाकरी थापत होती, शेजारी बोंबलाची चटणी. मी म्हटलं, "अगं, भाकरी कसली करतेस! बोलून टाक ना एक खोटं. मीपण रोज चार बोलते, कानबाईनं मला काय खाल्लं? तुझा येशू एवढ्यातेवढ्याला रुसतो का?"

"रुसत नाही."

"मग?"

भाकरी तव्यावर टाकून म्हणाली, "रंभाबाई, त्याला क्रुसावर मारलं, गुहेत ठेवलं, तोंडावर धोंडा लावला. त्याचे सगळे दोस्त दार लावून लपून बसले. आणि तीन बाया पहाटे उठून सुगंधी तेलं घेऊन निघाल्या, त्याच्या अंगाला लावायला. त्यातली एक सालोमी. बापानं माझं नाव तिच्यावरून ठेवलं. लोक सांगतात की तो उठला, आणि मी ते मानते. पण निघताना त्या बायांना कुठं माहीत होतं? त्या तर मेलेल्या माणसाची सेवा करायला निघाल्या होत्या. धोंडा कोण सरकवेल, हेसुद्धा ठरलं नव्हतं. तरी निघाल्या."

मी म्हटलं, "त्या गेल्या, पण त्यांची खोली ट्रस्टची होती का?"

ती हसली. मग हसू गेलं तिचं. म्हणाली, "मला भीती वाटत नाही असं समजू नका. पाड्यावर परत जाऊन मी काय करणार? पण आज मी म्हटलं की प्रार्थना केली नाही, तर उद्या पडद्याच्या आत कुणाला विचारून जाऊ? आणि मग मी गंगारामला नुसता साबण लावला, असंच झालं ना? त्याला मी साबणाचा शब्द दिला नव्हता." डोळे भरले होते तिचे. मी म्हटलं, भाकरी जळतेय. आणि आम्ही दोघी जेवलो.

तो महिना मी दवाखान्यात सगळ्यांशी भांडून काढला. दत्तूनं एका माणसाला गाठी मारल्या त्या पाहून मला जेवण गेलं नाही. मीच गाठी सोडून तोंड तरी पुसून दिलं. कुणाच्या बापाची भीती नाही मला.

आणि मग ते आले. हितेशभाईंच्या केबिनमध्ये, भिंतीवर अंबामातेचा फोटो, त्याला चंदनाचा हार. हिलाल, त्याच्याबरोबर दोन घोषणावाले, आणि त्यांच्या मागं पदर कपाळापर्यंत ओढलेली, कोरड्या कपाळाची एक बाई. गंगारामची कमल. हिलालनं तिला मुद्दाम आणलं होतं, की काकूनं स्वतःच्या तोंडानं सांगावं, आमचा धर्म बुडवला. सालोमी पांढऱ्या साडीत, टोपी घालून, ताठ उभी. ड्युटी नसताना टोपी घालून आली होती! मी चहाचा ट्रे घेऊन आत गेले आणि बाहेर पडलेच नाही.

हितेशभाई म्हणाले, "सिस्टर, सगळे बसलेत. बोला."

सालोमीनं एकेक शब्द ठेवला. "मी त्यांना हात लावला. धुतलं. प्रार्थना केली. कपाळावर होता तो मिलचा रंग. टिळा असता तर पुसला नसता, माझ्या खणात कुंकू असतं, वाटलं तर ताजा लावला असता. पाण्यानं कुणाला ख्रिस्ती केलं नाही. ते असं चोरून होत नाही, आणि ज्याला हो-नाही म्हणता येत नाही त्याचं तर होतच नाही. उद्या पुन्हा कुणी गेला तर पुन्हा धुवीन आणि पुन्हा प्रार्थना करीन. आता काढायचं असेल तर काढा."

एक घोषणावाला टेबलावर हात आपटून म्हणाला, "बघा, बघा! कबूल करतेय!" हितेशभाईंनी कपाळाला हात लावला. हिलाल काकूकडे वळून म्हणाला, "काकू, तू बोल."

कमलनं पदर थोडा मागं घेतला. म्हणाली, "कोनी धोया त्याना हात?"

त्याचे हात कुणी धुतले? आमच्या अहिराणीत बोलत होती, हितेशभाईंना कळेना, म्हणून मीच सरळ करून सांगत गेले, आणि तुम्हालाही तसंच सांगते. सालोमी म्हणाली, "मी धुतले."

कमल तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. म्हणाली, "जीप आली, चादर काढली. मी आधी तोंड पाहिलंच नाही. हात पाहिले. लग्नात भटजीनं माझ्या हातावर ठेवला होता तो हात. त्याच्यानंतर तो मिलमध्ये गेला आणि मला तो हात कधी मिळालाच नाही. धरायला गेले की काढून घ्यायचा. त्या दिवशी मी धरला. जाळायला नेईपर्यंत सोडला नाही. गावातले सगळे हात पाहून गेले. ज्यांनी त्याला पंगतीत उभं केलं नव्हतं, तेही पाहून गेले." तिनं स्वतःची करंगळी पुढं केली. "करंगळीच्या नखाशी जरासा लाल राहिला होता. तेवढ्यावरून मी ओळखला, की हो, माझाच आहे."

"तेवढा निघाला नाही," सालोमी म्हणाली. "माफ करा."

कमलनं मान हलवली. मग म्हणाली, "तू काय म्हणालीस देवाला? मला सांग."

हितेशभाई खुर्चीत पुढं झाले. "ना ना, बेन, इथं प्रार्थना नाही, ऑफिसमध्ये..."

कमलनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "आखो म्हन," सालोमीला म्हणाली. "मी तठे नव्हतू." पुन्हा म्हण. मी तिथं नव्हते.

आणि सालोमीनं डोळे मिटले. या खेपेला ओठांतल्या ओठांत नाही. भरल्या आवाजात, वॉर्डात बिडीवाल्यांना ऐकू जायचा त्याच आवाजात म्हणाली, "बापा, हा गंगाराम. यानं लोकांच्या लग्नाच्या साड्या रंगवल्या आणि स्वतःचे हात लपवले. तुला हे हात माहीत आहेत. याच्या घरच्यांनाही ते दिसू दे. आमेन."

कमलनं हात जोडले. "राम राम," म्हणाली, जसं आपण निरोप देताना म्हणतो तसं. मी ट्रे खाली ठेवून पदरानं तोंड पुसत होते. टेबल आपटणाऱ्यानं हात खिशात घातले. कमल त्याच्याकडे वळून म्हणाली, "भाऊ, तुम्ही धुतले असते का?" तो फोटोवरच्या हाराकडे बघत राहिला.

हितेशभाई घसा खाकरून म्हणाले, "ठीक आहे, मी ट्रस्टींना विचारतो..."

"विचारा," सालोमी म्हणाली. "तोवर मी वॉर्डात आहे. सकाळपासून कुणी ताप बघितलेला नाही." आणि निघाली. कुणी तिला जा म्हटलं नाही, कुणी थांब म्हटलं नाही. मी ट्रे तिथंच टाकून तिच्या मागं. चहा त्यांचा त्यांनी ओतून घेतला असेल.

वॉर्डाच्या दाराशी बेसिन आहे. तिथं पोचलो तर मागून चपलांचा आवाज. हिलाल. खाली मान. मी म्हटलं, "काय रे, अजून काय बुडवायचं राहिलं?"

त्यानं माझ्याकडे लक्ष दिलं नाही. सालोमीला म्हणाला, "सिस्टर..." आणि थांबला. ते दोन मोरपंखी हात कुठं ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं. मग हळूच म्हणाला, "माझं काही झालं... तर तुम्हीच असाल ना ड्युटीवर?"

माझा सगळा राग कुठं गेला, मला कळलं नाही. सालोमीनं त्याच्या हातांकडे पाहिलं. मग फिसकारलीच त्याच्यावर. "हात धुण्यासाठी मरायला कशाला पाहिजे? बस त्या स्टुलावर! रंभाबाई, तेलाची बाटली. आणि बेसन आणा."

तो बसला. दत्तू बघायला आला, पाचव्या खाटेवरचा बघायला आला, हितेशभाई केबिनच्या दारात येऊन उभे राहिले. सालोमीनं बाह्या वर केल्या, हितेशभाईंकडे एकदा सरळ पाहिलं, आणि हिलालचा हात धरायच्या आधी डोळे मिटले. त्या दिवशी जरा जास्तच वेळ मिटले.